ग्रॅव्हिटार चालता चालता रीसेट होतो आणि पडदा काळा पडतो: समस्या निवारण

ज्यांच्याकडे ग्रॅव्हिटार या नाणे टाकून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमचे मूळ यंत्र आहे, त्यांना कधी ना कधी या दोषाला तोंड द्यावे लागते. यंत्र सुरू केल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे सगळे सुरळीत चालते. सूर्यमालेचा नकाशा स्वच्छ उमटतो, यान बटणांना लगेच प्रतिसाद देते, रंगही नीट असतात. मग एखाद्या ग्रहावर उतरताना किंवा अणुभट्टीच्या अरुंद वाटेत शिरल्यावर पडदा एकाएकी काळा होतो, मॉनिटरवरचा लाल एलईडी लागतो, आवाज मध्येच तुटतो आणि क्षणभराने खेळ पहिल्यापासून सुरू होतो. यंत्र बंद करून थोडा वेळ थांबले की दोष नाहीसा होतो आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ तेवढ्याच वेळाने परत येतो. काही यंत्रांत याच्याही पुढची अवस्था येते: काळा पडलेला पडदा पुन्हा उजळतच नाही आणि लाल दिवा लागलेलाच राहतो.

या दोषावर लोक सहसा दोन उपाय करतात. कोणी मॉनिटर उतरवून त्याचे ट्रान्झिस्टर बदलतात, तर कोणी मुख्य बोर्डावरची एकेक चिप काढून दुसरी बसवतात. माझ्या अनुभवात दोन्ही वेळा बहुधा आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असाच प्रकार होतो, कारण मूळ दोष बहुतेक वेळा वीजपुरवठ्यापासून बोर्डापर्यंत जाणाऱ्या पाच व्होल्टच्या मार्गात असतो. तो मार्ग मोजण्यापूर्वी कोणताही भाग बदलू नये, हे मला या लेखात कारणांसह मांडायचे आहे.

हे यंत्र जपण्याची निकड वेगळीच आहे. अटारीने १९८२ मध्ये ग्रॅव्हिटार आणला. त्याची रचना माइक हॅली यांची आणि प्रोग्रॅमिंग रिच अ‍ॅडम यांचे. हॅली यांनीच पुढे १९८३ च्या स्टार वॉर्स या व्हेक्टर (रेषांनी चित्र काढणाऱ्या) खेळाचे नेतृत्व केले. १९७९ च्या अ‍ॅस्टेरॉइड्सची ७०,००० हून अधिक यंत्रे तयार झाली होती, तर ग्रॅव्हिटारच्या यंत्रांची संख्या सुमारे ५,४०० एवढीच सांगितली जाते. खेळ फार अवघड असल्यामुळे तो बाजारात चालला नाही. त्याच इलेक्ट्रॉनिक्सवर चालणारा ब्लॅक विडो नंतर आला, तेव्हा रूपांतर संचाच्या साहाय्याने अनेक ग्रॅव्हिटार यंत्रांचे ब्लॅक विडोमध्ये रूपांतर झाले. त्यामुळे मूळ रूपात उरलेले प्रत्येक यंत्र मोलाचे आहे आणि त्यातला प्रत्येक चुकीचा प्रयोग महागात पडतो.

दोष कुठे येतो यापेक्षा कधी येतो ते नोंदवा

रीसेट नेमका कठीण जागी होतो, अशी बहुतेकांची समजूत असते आणि ती समजून घेण्यासारखी आहे. ग्रॅव्हिटारमध्ये खेळाडूजवळ पाच बटणे असतात: डावीकडे वळणे, उजवीकडे वळणे, गोळी, इंजिनाचा जोर, आणि ढाल व ओढकिरण यांचे एकच सामाईक बटण. सूर्यमालेच्या पडद्यावर मधला तारा यानाला सतत स्वतःकडे खेचत असतो, म्हणून एखाद्या ग्रहाकडे जाण्यासाठीही मोजून जोर द्यावा लागतो. ग्रहावर पोहोचले की भूप्रदेश दिसतो, तिथल्या तटबंद तोफा गोळ्या झाडतात, गुरुत्वाकर्षण यानाला खाली ओढते, आणि इंधन संपत आले तर जमिनीवरच्या टाक्या ओढकिरणाने उचलाव्या लागतात. अणुभट्टीत अरुंद वाटेने आत जाऊन गाभ्यावर गोळी मारायची आणि ठरावीक वेळात बाहेर पडायचे असते. पुढच्या फेऱ्यांत गुरुत्वाकर्षण उलटे होते, त्यापुढे भूप्रदेश अदृश्य होतो आणि शेवटी दोन्ही संकटे एकत्र येतात. अशा खेळात वीस मिनिटे जपून आणलेले यान अणुभट्टीच्या तोंडाशी असताना पडदा काळा झाला, तर 'अणुभट्टी आली की यंत्र बंद पडते' ही नोंद मनात पक्की बसते.

परंतु सावकाश व सावधपणे खेळणारा माणूस अणुभट्टीपाशी पोहोचतो तो साधारण तेवढ्याच वेळाने, ज्या वेळात यंत्राच्या आतले तापमान वाढलेले असते. म्हणून पहिली चाचणी अशी करावी. यंत्र थंड असताना सुरू करावे, कोणीही न खेळता ते स्वतःच्या प्रात्यक्षिकावर चालू ठेवावे आणि घड्याळ लावून वाट पाहावी. खेळणाऱ्याशिवायही पंचवीस मिनिटांच्या आसपास रीसेट झाला, तर अणुभट्टीचा त्याच्याशी संबंध नाही; दोष उष्णतेशी जोडलेला आहे. मी पहिल्यांदा हा दोष शोधत होतो तेव्हा ही साधी चाचणी न करता दोन संध्याकाळी केवळ खेळातल्या जागा नोंदवण्यात घालवल्या होत्या, आणि त्या नोंदींचा काहीही उपयोग झाला नाही. यंत्राच्या कपाटाचे मागचे दार उघडे ठेवून ते चालवल्यावर तोच दोष बराच उशिरा आला, तेव्हा दिशा कळली.

काळा पडदा आणि लाल दिवा यांचा अर्थ

हा दोष समजण्यासाठी यंत्रातल्या दोन रक्षकांची ओळख हवी. पहिला रक्षक मुख्य बोर्डावर असतो, त्याला वॉचडॉग म्हणतात. तो एक मोजणारा परिपथ आहे. ६५०२ प्रोसेसर नीट काम करत असेल तर तो ठरावीक काळाच्या आत या मोजणीला शून्यावर आणत राहतो; प्रोसेसर भरकटला आणि मोजणी पूर्ण झाली, तर वॉचडॉग त्याला रीसेट करतो. प्रोसेसर पुन्हा भरकटला तर पुन्हा रीसेट, आणि हे एका लयीत चालू राहते. या काळात रेषा काढणाऱ्या व्हेक्टर जनरेटरला आज्ञा मिळत नाहीत, म्हणून तो थांबतो.

दुसरा रक्षक मॉनिटरमध्ये असतो, त्याचे नाव स्पॉट किलर. ग्रॅव्हिटारचा मॉनिटर वेल्स-गार्डनर ६१०० हा रंगीत एक्स-वाय प्रकारचा आहे. नेहमीच्या दूरचित्रवाणीसारखी त्यात वरून खाली ओळीने चित्र काढण्याची पद्धत नाही. बोर्ड सांगेल त्या दिशेने किरण फिरतो आणि थेट रेषा काढतो. बोर्डाने सांगणे थांबवले की किरण एका जागी स्थिर राहील आणि त्या ठिकाणचे फॉस्फर (पडद्याच्या आतला चमकणारा लेप) जळून कायमचा डाग पडेल. ते होऊ नये म्हणून स्पॉट किलर किरण बंद करतो आणि लाल एलईडी लावतो. म्हणजे काळा पडदा आणि लाल दिवा ही मॉनिटर बिघडल्याची खूण नसून अनेकदा मॉनिटर स्वतःचे रक्षण करत असल्याची खूण असते. पडद्यावर काही दिसावे म्हणून उजळपणा वाढवणे किंवा स्पॉट किलर निकामी करणे, हे दोन्ही उपाय कटाक्षाने टाळावेत.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. स्पॉट किलर पडद्याचे फॉस्फर वाचवतो, किरण वळवणाऱ्या ट्रान्झिस्टरांना वाचवत नाही. बोर्ड भरकटल्यावर त्याच्या एक्स किंवा वाय निर्गमावर (आउटपुटवर) स्थिर डीसी व्होल्टेज अडकून राहिले, तर पडदा काळा असतानाही ते ट्रान्झिस्टर पूर्ण भाराने तापत राहतात आणि शेवटी जातात. अशा रीतीने पाच व्होल्टच्या मार्गातला एक किरकोळ गंज शेवटी मॉनिटरचा दोष बनून समोर येतो, ट्रान्झिस्टर बदलले जातात, यंत्र काही दिवस चालते आणि नवे ट्रान्झिस्टरही जातात. म्हणून रीसेटचे कारण सापडेपर्यंत चाचण्या करताना मॉनिटरकडे जाणारी जोडणी काढून ठेवावी.

हात लावण्यापूर्वी

या मॉनिटरचे अ‍ॅनोड व्होल्टेज सुमारे १९,५०० व्होल्ट असते आणि यंत्र बंद केल्यानंतरही चित्रनळीत विद्युतभार शिल्लक राहतो. ज्यांना तो भार सुरक्षितपणे उतरवण्याची सवय नाही, त्यांनी चित्रनळीच्या जवळ हात नेऊ नये. पुढील बहुतेक मोजमापे कमी व्होल्टेजच्या भागात आहेत, तरी तळाच्या वीजपुरवठा संचात मुख्य पुरवठ्याच्या तारा उघड्या असू शकतात. चालू यंत्रात मोजताना एक हात मागे ठेवावा, अंगठ्या व घड्याळ काढावे, आणि कोणताही कनेक्टर काढताना किंवा लावताना वीज बंद असावी.

आधी बाजू ठरवा

पडदा काळा पडला असताना नाणे टाकून पाहावे आणि खेळ सुरू करण्याचे बटण दाबावे. इंजिनाचा जोर दिल्यावर त्याचा आवाज येत असेल, गोळी ऐकू येत असेल, म्हणजे खेळ अंधारात पण व्यवस्थित चालू असेल, तर बोर्ड जिवंत आहे आणि दोष मॉनिटरमध्ये किंवा मॉनिटरपर्यंतच्या जोडणीत आहे. आवाज नसेल, किंवा एका लयीत तुटक खटखट येत असेल, तर बोर्ड रीसेटच्या चक्रात अडकला आहे. लॉजिक प्रोब (पिनवरची पातळी उच्च की नीच ते दाखवणारे साधन) असल्यास ६५०२ च्या ४० क्रमांकाच्या पिनवर ठेवावा. ती रीसेटची पिन आहे. नीट चालणाऱ्या बोर्डावर ती स्थिर उच्च पातळीवर राहते, अडकलेल्या बोर्डावर ती ठरावीक लयीत खाली जात राहते. ही दोन मिनिटांची परीक्षा केल्यास पुढचे अनेक तास वाचतात.

पाच व्होल्ट चार ठिकाणी मोजा

अटारीच्या त्या काळातल्या यंत्रांत वीज तीन टप्प्यांनी येते. तळाशी ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, फ्यूज आणि एक मोठा निळा कपॅसिटर असलेला संच असतो, ज्याला जाणकार 'पॉवर ब्रिक' म्हणतात. तिथून नियमन न झालेले सुमारे दहा व्होल्ट रेग्युलेटर/ऑडिओ बोर्डाकडे जातात, ज्याला सगळे 'एआर बोर्ड' म्हणतात. ग्रॅव्हिटारमध्ये त्याची दुसरी आवृत्ती आहे. तिथे त्यांचे पाच व्होल्ट होतात आणि हार्नेसमधून (तारांच्या जुडग्यातून) व एज कनेक्टरमधून (बोर्डाची कड ज्यात बसते त्या जोडणीतून) मुख्य बोर्डावर पोहोचतात. मुख्य बोर्डावरच्या टीटीएल (पाच व्होल्टवर चालणाऱ्या लॉजिक) चिपांना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट एवढीच मोकळीक असते.

सर्वाधिक होणारी चूक म्हणजे एआर बोर्डावर मल्टिमीटर लावणे, तिथे पाच किंवा त्याहून थोडे जास्त दिसल्यावर 'पुरवठा ठीक आहे' असे समजणे आणि पुढे जाणे. मोजायचे ते मुख्य बोर्डावर. त्यावर पाच व्होल्ट आणि ग्राउंड अशा खुणांचे टेस्ट पॉइंट आहेत. मीटर त्या दोहोंत लावावा. नंतर तेच मोजमाप एआर बोर्डाच्या पाच व्होल्ट व ग्राउंडच्या खुणांवर घ्यावे. मुख्य बोर्डावर पाच व्होल्ट असताना एआर बोर्डावर ५.५ पेक्षा जास्त दिसत असतील, तर मधल्या मार्गात जास्त घट होत आहे.

ही घट कोणत्या बाजूला आहे ते शोधण्याची रीत सोपी आणि फार उपयुक्त आहे. मीटरची एक तार एआर बोर्डाच्या ग्राउंडवर आणि दुसरी मुख्य बोर्डाच्या ग्राउंडवर ठेवावी. जे दिसेल ती ग्राउंडच्या तारांतली घट. मग एक तार एआर बोर्डाच्या पाच व्होल्टवर आणि दुसरी मुख्य बोर्डाच्या पाच व्होल्टवर ठेवावी. ती पाच व्होल्टच्या तारांतली घट. दोन्ही आकडे कागदावर लिहावेत, यंत्र थंड असतानाचे एकदा आणि अर्ध्या तासानंतरचे पुन्हा. समजा बोर्ड चार अँपिअर प्रवाह घेत असेल, तर संपर्कात केवळ ०.१ ओहम रोध वाढल्याने ०.४ व्होल्ट कमी होतात, आणि ५.० व्होल्टचे ४.६ झाले की टीटीएलची मर्यादा ओलांडली जाते. ०.१ ओहम हा रोध साध्या मल्टिमीटरने मोजताच येत नाही. म्हणून संपर्क 'बझ करून', म्हणजे मीटरच्या आवाजावरून, तपासल्याने काही कळत नाही. तारांचा आवाज येतो, माणूस समाधान पावतो, आणि दोष तिथेच राहतो. चालू यंत्रातली व्होल्टेजची घट हेच येथे खरे माप आहे.

संवेदक तारा आणि जळालेले दोन रेझिस्टर

एआर बोर्डाचे वागणे समजून घेतले नाही तर हे आकडे कोड्यात टाकतात. मुख्य बोर्डावरून दोन बारीक तारा परत एआर बोर्डाकडे येतात, एक पाच व्होल्टची आणि एक ग्राउंडची. त्यांना सेन्स लाइन म्हणतात. बोर्डावर प्रत्यक्ष किती व्होल्ट पोहोचत आहेत हे रेग्युलेटर या तारांवरून पाहतो आणि कमी असतील तर स्वतःचा निर्गम वाढवतो. मार्गात घट असली तरी बोर्डाला पूर्ण पाच व्होल्ट मिळावेत, हा त्यामागचा हेतू. एज कनेक्टर नवा आणि स्वच्छ असताना ही योजना उत्तम चालते. संपर्क खराब होत गेला की रेग्युलेटर अधिकाधिक जोर लावतो, स्वतः तापतो, एज कनेक्टरची खराब झालेली पट्टीही तापते, तापल्याने तिचा ताण कमी होतो आणि संपर्क आणखी बिघडतो. यंत्र गरम झाल्यावरच दोष का येतो, याचे उत्तर बहुतेक वेळा या चक्रात असते.

एआर बोर्डावर आर२९ आणि आर३० असे दोन रेझिस्टर आहेत, प्रत्येकी १०० ओहम. सेन्स लाइन तुटली तर रेग्युलेटरने बेफाम होऊ नये म्हणून ते स्थानिक निर्गमाला सेन्सशी जोडतात. पण जाड तारांचा संपर्क पूर्णच गेला, तर बोर्ड आपला प्रवाह या बारीक तारेतून आणि या रेझिस्टरमधून ओढू पाहतो. १०० ओहमवर पाच व्होल्ट पडले तर पाव वॅट उष्णता होते, आणि तिथे बसवलेल्या लहान रेझिस्टरची सहनशक्ती तिथे संपते. म्हणून एआर बोर्ड हातात घेतल्यावर मी सर्वप्रथम हे दोन रेझिस्टर पाहतो. ते काळे पडलेले असतील, त्यांच्याखालचा बोर्ड तपकिरी झालेला असेल, तर एज कनेक्टरची कथा वाचून झाल्यासारखी आहे. रेझिस्टर बदलावेतच, परंतु ते बदलून दुरुस्ती झाली असे समजू नये.

काही जाणकार सेन्स लाइन काढून टाकतात आणि आर२९ व आर३० च्या जागी साधी तार लावतात, जेणेकरून रेग्युलेटर आपल्या पायापाशीच पाच व्होल्ट राखेल. या बदलाने अतिव्होल्टेजचा धोका जातो, हे खरे. माझे मत असे की हा बदल कनेक्टर दुरुस्त केल्यानंतर करावा, त्याच्या ऐवजी नव्हे. कारण संपर्क खराबच असेल तर बदलानंतर बोर्डाला कमी व्होल्ट मिळत राहतील आणि रीसेट तसाच चालू राहील.

आर८ ला हात लावण्यापूर्वी थांबा

एआर बोर्डावर आर८ नावाचा लहान ट्रिमर आहे, त्याने पाच व्होल्ट जुळवतात. रीसेट दिसला की तो फिरवून व्होल्टेज वाढवायचे, हा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक उपाय. माझ्याकडे आलेल्या एका यंत्रात आधीच्या कोणीतरी हेच केले होते. खराब संपर्कामुळे बोर्डाला कमी व्होल्ट मिळत होते, म्हणून आर८ वर चढवला गेला. यंत्र काही महिने चालले असावे. मी एज कनेक्टर स्वच्छ करून वीज दिली असती, तर घट नाहीशी होऊन वाढवलेले सगळे व्होल्टेज थेट जुन्या चिपांवर पडले असते. म्हणून स्वच्छता केल्यानंतर मुख्य बोर्ड लगेच जोडू नये. बोर्ड बाजूला ठेवून एआर बोर्डाचा निर्गम मोजावा, तो आर८ ने पाचच्या आसपास आणावा, वीज बंद करून बोर्ड जोडावा, पुन्हा वीज देताना मीटर बोर्डाच्या टेस्ट पॉइंटवर आधीच लावलेला असावा, आणि शेवटची जुळवणी तिथल्या आकड्यावरून ५.० ते ५.१ व्होल्टच्या दरम्यान करावी.

कनेक्टरचे काम

बोर्डाच्या कडेवरच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न विरणाऱ्या कापडाने पुसाव्यात. हट्टी काळेपणासाठी मऊ पांढरा खोडरबर चालतो, परंतु घासून झाल्यावर त्याचा भुगा अल्कोहोलने पूर्ण काढावा. पॉलिश पेपर वापरू नये. त्याने मुलामा निघतो आणि उघड्या तांब्यावर गंज अधिक वेगाने चढतो. मादी कनेक्टरकडे मात्र अधिक कठोरपणे पाहावे लागते. पाच व्होल्ट व ग्राउंडच्या ठिकाणचे प्लास्टिक तपकिरी झाले असेल, संपर्काच्या पट्ट्या निळसर दिसत असतील किंवा शेजारच्या पट्ट्यांपेक्षा मागे सरकलेल्या असतील, तर तो धातू उष्णतेने मऊ पडला आहे आणि कितीही स्वच्छ केला तरी त्यात ताण परत येणार नाही. अशा वेळी किमान त्या जागांचे संपर्क, आणि शक्य असल्यास पूर्ण कनेक्टर बदलावा. तार सोल्डर करून थेट बोर्डाला जोडण्याचा मोह होतो; यंत्र चालू होते, पण पुढच्या वेळी बोर्ड काढणाऱ्याची आणि त्या दुर्मिळ बोर्डाचीही अडचण होते.

एआर बोर्डाच्या हेडर पिनांकडेही दुर्लक्ष करू नये. बोर्ड उलटा करून भिंगाखाली पिनेभोवतीचे सोल्डर पाहिले, तर अनेकदा बारीक गोलाकार तडा दिसतो. ब्रिककडून येणाऱ्या मोलेक्स कनेक्टरची पिन हलवल्यावर खेळ रीसेट होत असेल तर तो तडा नक्की आहे. जुने सोल्डर काढून नवे भरावे. फ्यूजच्या चिमट्यांनाही हाच न्याय लागू पडतो: चिमटा सैल किंवा काळा असेल, फ्यूज काढताना गरम लागत असेल, तर चिमटा बदलावा.

मोठा निळा कपॅसिटर

कनेक्टर निर्दोष असूनही बोर्डावर रीसेट होत असेल तर ब्रिकमधला मोठा निळा कपॅसिटर तपासावा. तो २६,००० ते २७,००० मायक्रोफॅरडचा, १५ व्होल्टचा असतो आणि रेक्टिफायरमधून येणाऱ्या लहरी सपाट करतो. हिशेब करून पाहिल्यास चित्र स्पष्ट होते. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर पूर्ण लहरीचे रेक्टिफिकेशन झाले की दर सेकंदाला १०० लहरी येतात. चार अँपिअर भाराला २७,००० मायक्रोफॅरडवर प्रत्येक लहरीत साधारण दीड व्होल्टचा चढउतार होतो. कपॅसिटर वाळून त्याची धारकता निम्मी झाली तर तोच चढउतार तीन व्होल्टपर्यंत जातो. तेव्हा लहरीच्या तळाशी रेग्युलेटरला लागणारे किमान व्होल्टेज मिळत नाही आणि पाच व्होल्टमध्ये सेकंदाला शंभर वेळा खोच पडते. मल्टिमीटर डीसी मोजताना सरासरी दाखवतो, म्हणून आकडा ४.९ असा समाधानकारक दिसतो, आणि प्रोसेसर मात्र त्या खोचांत भरकटतो. ऑसिलोस्कोप नसेल तर मीटर एसीवर ठेवून बोर्डाच्या पाच व्होल्टवर मोजावे. तिथे काही मिलिव्होल्टच्या पलीकडे जाणारा आकडा शंकास्पद मानावा. नवा कपॅसिटर बसवताना ध्रुवता दोनदा पाहावी आणि स्क्रू घट्ट असल्याची खात्री करावी. सैल स्क्रूमुळे नवा कपॅसिटरही जुन्यासारखा वागतो.

पुरवठा निर्दोष निघाल्यावरच बोर्डाकडे वळा

वरील सगळे होऊन बोर्डावर स्वच्छ पाच व्होल्ट असताना रीसेट येत असेल, तर पहिला संशय चिपांच्या सॉकेटवर घ्यावा. प्रोसेसर, रॉम आणि दोन्ही पोकी (आवाजाच्या) चिपा एकेक करून काढाव्यात, पाय स्वच्छ करावेत आणि पुन्हा बसवाव्यात. केवळ याने बरे झालेले बोर्ड मी पाहिले आहेत. नंतर नाणे टाकण्याच्या दाराच्या आतला स्वयंचाचणीचा स्विच चालू करून पडद्यावरची तपासणी पाहावी, त्यासाठी मॉनिटर तात्पुरता जोडावा लागेल. बोर्ड इतक्या लवकर रीसेट होत असेल की काहीच पाहता येत नाही, तर वॉचडॉग थांबवण्यासाठी दिलेला टेस्ट पॉइंट ग्राउंडला जोडून प्रोसेसरच्या पत्ता व डेटा रेषा प्रोबने पाहता येतात. ही जोडणी फक्त तपासणीपुरती, आणि मॉनिटर काढलेला असताना करावी. काम संपल्यावर ती काढायला विसरू नये.

मॉनिटरच दोषी असल्याचे सुरुवातीच्या परीक्षेत ठरले असेल, तर सांगाड्यावर बसवलेल्या २एन३७१६ आणि २एन३७९२ या ट्रान्झिस्टरांपासून सुरुवात करावी. ते काढून डायोडच्या मापावर तपासावेत, त्यांच्याखालची अभ्रकाची पट्टी फाटलेली नाही हे पाहावे आणि स्क्रू घट्ट करावेत. ते गेलेले असतील, तर बदलण्याआधी बोर्डाच्या एक्स आणि वाय निर्गमांवर अडकलेले डीसी व्होल्टेज नाही, याची खात्री करून घ्यावी.

एक वेगळी तक्रारही या दोषाशी मिसळली जाते, ती म्हणजे इंधन आपोआप संपते. जोर आणि ढाल दोन्ही इंधन खातात, म्हणून त्यांच्या बटणाखालचा स्विच अडकला किंवा गंजून अर्धवट जोडलेला राहिला तर आकडा सतत उतरत जातो. याचा पाच व्होल्टशी संबंध नाही. स्विचच्या संपर्कांत अल्कोहोलने ओलावलेली कागदाची पट्टी ओढून स्वच्छ करावे, कानस लावू नये.

दुरुस्तीनंतर यंत्र मागचे दार बंद करून दोन तास चालू ठेवावे. त्यानंतर ग्राउंड ते ग्राउंड आणि पाच ते पाच ही दोन्ही घट-मापे पुन्हा घ्यावीत आणि आधी लिहिलेल्या थंड आकड्यांशी ताडून पाहावीत. दोन्ही आकडे जवळजवळ तेच राहिले असतील तर मॉनिटर कायमचा जोडावा. एखादा आकडा ०.१ व्होल्टने जरी वाढला असेल, तर त्या बाजूचा संपर्क अजून तापतो आहे. वीज बंद करून त्याच तारेच्या दोन्ही टोकांचे कनेक्टर पुन्हा उघडावेत.